मित्र ताऱ्यापर्यंत किती ओझं नेता येईल?

मे महिन्यात कोकणच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर रात्री अकरा-बाराच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. हात लांब करून क्षितिजावर मूठ टेकवली तर तिच्या थोडं वर एक ठळक, पिवळसर तारा दिसतो. हा मित्र तारा, नरतुरंग तारकासमूहातला सर्वांत तेजस्वी. त्याच्या उजव्या हाताला मित्रक, आणि आणखी उजवीकडे, पश्चिमेला कललेला त्रिशंकू. मुंबई-पुण्याहूनही मित्र दिसतो, पण क्षितिजाच्या इतका जवळ की इमारती आणि धूळ त्याला बहुतेक वेळा गिळून टाकतात.

सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचं ताऱ्यांचं कुटुंब हेच. डोळ्यांना एक दिसतो, पण तो सूर्यासारख्या दोन ताऱ्यांचा जोड आहे, ४.३७ प्रकाशवर्षांवरचा. त्यांच्याभोवती खूप लांबून फिरणारा तिसरा, मंद तांबडा तारा म्हणजे प्रॉक्झिमा. तो ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे आणि दुर्बिणीशिवाय दिसत नाही. २०१६ साली या प्रॉक्झिमाभोवती फिरणारा, साधारण पृथ्वीएवढ्या वजनाचा एक ग्रह सापडला. तेव्हापासून ‘तिथे जाता येईल का’ हा प्रश्न नव्याने विचारला जाऊ लागला.

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा वेगाच्या भाषेत दिलं जातं. इतका वेग मिळाला तर इतकी वर्षं. ते खरंच आहे, पण मला हा विषय नीट उलगडला तो वजनाच्या बाजूने पाहिल्यावर. ताऱ्यांच्या प्रवासातली प्रत्येक अडचण शेवटी ‘बरोबर किती ओझं न्यायचं आहे’ इथे येऊन पोहोचते. म्हणून सगळा हिशोब मित्र ताऱ्याच्या वाटेवरच मांडून पाहू.

आधी अंतर. पुण्यात शनिवारवाड्यासमोर हरभऱ्याचा एक दाणा ठेवा. हा सूर्य. त्याच्यापासून एक मीटरवर धुळीचा एक कण ठेवा, ती पृथ्वी. खरं अंतर १५ कोटी किलोमीटर, आपल्या नकाशात एक मीटर. शेवटचा ग्रह नेपच्यून ३० मीटरवर, म्हणजे रस्ता ओलांडला की आलाच. आता प्रॉक्झिमा कुठे ठेवायचा? मोहरीचा एक दाणा घ्या आणि सोलापूरही मागे टाकून अक्कलकोटला जा. पुण्यापासून सरळ रेषेत सुमारे २७० किलोमीटर. पुण्यातला हरभरा आणि अक्कलकोटची मोहरी, आणि मध्ये विरळ वायू नि थोडी धूळ यांखेरीज काही नाही. याच नकाशात प्रकाश सेकंदाला दोन मिलिमीटर सरकतो. मुंगीसुद्धा त्याला मागे टाकेल. त्या गतीने अक्कलकोट गाठायला त्याला सव्वाचार वर्षं लागतात.

माणसाने बनवलेली सर्वांत दूर गेलेली वस्तू, व्हॉयेजर-१ हे यान, जवळजवळ पन्नास वर्षांच्या प्रवासानंतर या नकाशात १७० मीटरवर पोहोचलं आहे. शनिवारवाड्याचा परिसरही अजून पुरता सुटलेला नाही.

या यानाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ताऱ्यांच्या वाटेला खऱ्या अर्थाने लागलेल्या आपल्या मोजक्या वस्तूंपैकी ते एक आहे, आणि त्यात आपलंही काही आहे. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबर १९७७ रोजी. त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यात ५५ भाषांमधले नमस्कार आहेत, त्यात मराठीतलाही आहे. आणि भारताचं संगीत म्हणून तिच्यात केसरबाई केरकरांनी गायलेली भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. केसरबाई मूळच्या गोव्यातल्या केरी गावच्या, जन्म १८९२चा. यान निघालं त्यानंतर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्या गेल्या. ही तारीख मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटवलं नाही.

यानाचं वजन सुमारे आठशे किलो. ते उचलायला शेकडो टनांचं रॉकेट लागलं आणि तेवढ्यानेही भागलं नाही. उरलेला वेग गुरू आणि शनी यांच्याकडून घ्यावा लागला. गुरू स्वतः सूर्याभोवती सेकंदाला १३ किलोमीटर वेगाने धावतो. यान त्याच्या मागून, योग्य कोनात, जवळून गेलं की गुरूची ओढ त्याला आपल्याबरोबर खेचते आणि गुरूचा थोडासा वेग यानाच्या पदरात पडतो. अशा उसन्या वेगावर व्हॉयेजर-१ आज सेकंदाला १७ किलोमीटर जातं. पुणे ते मुंबई नऊ सेकंदांत. तरीही याच वेगाने प्रॉक्झिमाला जायचं म्हटलं तर ७५ हजार वर्षं लागतील.

२५ ऑगस्ट २०१२ रोजी त्याने सौरवाताची, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणाऱ्या कणांच्या झोताची, हद्द ओलांडली आणि ते ताऱ्यांमधल्या मोकळ्या अवकाशात शिरलं. २०२३च्या नोव्हेंबरात ते अचानक अर्थहीन संदेश पाठवू लागलं. शोधाअंती कळलं की एका संगणकाच्या स्मृतीतली एक चिप निकामी झाली होती आणि तिच्यावरची आज्ञावली वाचता येत नव्हती. अभियंत्यांनी ती आज्ञावली तुकड्यातुकड्याने इतर ठिकाणी हलवली. पण प्रत्येक सूचना पोहोचायला साडेबावीस तास आणि तिचं उत्तर यायला तेवढेच. सोमवारी सकाळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बुधवारी पहाटे. एप्रिल २०२४मध्ये यान पुन्हा नीट बोलू लागलं. मित्र ताऱ्यापाशी गेलेल्या यानाबाबत हाच संवाद साडेआठ-नऊ वर्षांचा होईल. तिथे बिघाड झाला तर इथून कोणी वेळेवर धावून जाऊ शकत नाही. यानालाच शहाणं असावं लागेल, आणि सुटे भाग बरोबर न्यावे लागतील. म्हणजे पुन्हा ओझं.

आता मुख्य अडचण. समजा बैलगाडीने फार लांबच्या गावाला जायचं आहे आणि वाटेत कुठेही चारा मिळणार नाही. मग बैलांचा कडबा गाडीतच भरायला हवा. जास्त लांब जायचं तर जास्त कडबा, तो ओढायला आणखी बैल, त्या बैलांसाठी आणखी कडबा. एक वेळ अशी येते की गाडी फक्त कडबाच ओढत राहते. माणसाला बसायला जागाच उरत नाही.

रॉकेटचं अगदी हेच होतं. रशियातले एक शाळामास्तर, कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्हस्की, यांनी १९०३ साली याचं गणित मांडलं. रॉकेट पुढे जातं ते स्वतःचंच इंधन जाळून मागे फेकून. आजची उत्तम रासायनिक इंजिनं हा झोत सेकंदाला साधारण साडेचार किलोमीटर वेगाने फेकतात. त्सिओल्कोव्हस्कींच्या सूत्राचा अर्थ असा, की यानाच्या वेगात सेकंदाला सुमारे तीन किलोमीटरची भर घालायची असेल तर निघतानाचं एकूण वजन दुप्पट करावं लागतं. आणखी तीन हवेत? पुन्हा दुप्पट. बुद्धिबळाच्या पटावर दर घरात दुप्पट दाणे मागणाऱ्या माणसाची गोष्ट आठवा. तिथे घरं ६४ होती आणि राजाचं कोठार रिकामं झालं.

प्रॉक्झिमाला एका माणसाच्या हयातीत पोहोचायचं तर प्रकाशाच्या वेगाचा निदान दहावा हिस्सा हवा, म्हणजे सेकंदाला ३० हजार किलोमीटर. तेवढ्या वेगाने ४२ वर्षं लागतील. रासायनिक इंधनावर हा वेग गाठायला सुमारे ९,६०० वेळा दुप्पट करावं लागेल. एकापासून सुरुवात करून दुप्पट करत गेलं तर २७० व्या पायरीच्या आतच आपण दृश्य विश्वातल्या सगळ्या अणूंच्या अंदाजे संख्येला गाठतो. आपल्याला ९,६०० पायऱ्या हव्या आहेत. म्हणजे ‘मोठं रॉकेट बांधू’ हे उत्तर कायमचं बाद झालं. पैसा किंवा इच्छाशक्ती कमी पडते म्हणून नव्हे, विश्वात तेवढं इंधनच नाही म्हणून.

दुसरी बाजू ऊर्जेची, आणि ती विजेच्या बिलाच्या भाषेत सांगता येते. एक किलो वजनाची वस्तू प्रकाशाच्या दहाव्या हिश्शाच्या वेगाला न्यायला साडेबारा कोटी युनिट वीज लागते. कोयनेचा जलविद्युत प्रकल्प सुमारे १,९६० मेगावॉटचा. तो पूर्ण क्षमतेने ६४ तास चालवला आणि त्यातलं एकही युनिट वाया गेलं नाही, तर एक किलो मार्गी लागेल. माणसं, अन्न, पाणी, भिंती धरून एक हजार टनांचं यान म्हटलं तर कोयना सात हजार वर्षांहून जास्त चालवावी लागेल. हजार टन हा आकडाही फार नाही. अर्धशतकाच्या प्रवासासाठी तो उलट काटकसरीचाच आहे.

मग जास्त ताकदीचं इंधन घ्यावं. हा विचार शास्त्रज्ञांनी गंभीरपणे केला आहे. अमेरिकेत १९५८ पासून काही वर्षं ‘ओरायन’ नावाच्या प्रकल्पात यानाच्या मागे एकापाठोपाठ एक अणुबॉम्ब फोडायचे आणि त्यांच्या धक्क्यावर पुढे जायचं, अशी योजना होती. फ्रीमन डायसन यांच्यासारखे पहिल्या फळीचे भौतिकशास्त्रज्ञ त्यावर काम करत होते. १९६३च्या आंतरराष्ट्रीय कराराने हवेत आणि अवकाशात अणुस्फोट करायला बंदी आली आणि १९६५पर्यंत तो प्रकल्प बंद पडला. त्यानंतर १९७३ ते १९७८ या काळात ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या सभासदांनी ‘डेडॅलस’ नावाच्या यानाचा बारकाईने आराखडा केला. इंधनाच्या बारीक गोळ्या, सेकंदाला अडीचशे, एकेक करून पेटवायच्या आणि सूर्यात होतो तसा अणुसंमीलनाचा स्फोट घडवायचा. वेग प्रकाशाच्या १२ टक्के. लक्ष्य बर्नार्डचा तारा, सुमारे सहा प्रकाशवर्षांवरचा, प्रवास पन्नास वर्षांचा. निघताना वजन ५४ हजार टन, त्यातलं ५० हजार टन नुसतं इंधन. इंधनासाठी लागणारा हेलियम-३ हा हेलियमचा दुर्मीळ प्रकार पृथ्वीवर पुरेसा नाही, म्हणून तो गुरूच्या वातावरणातून उपसायचा.

डेडॅलसच्या आराखड्यातली एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. त्याला थांबता येणार नव्हतं. पन्नास वर्षं धावून ते ताऱ्यापाशी पोहोचेल आणि सूर्याभोवतीच्या पृथ्वीच्या कक्षेएवढा पट्टा सव्वादोन तासांत ओलांडून पुढे निघून जाईल. अवकाशात घर्षण नाही, ब्रेक लागत नाही. थांबायचं असेल तर जेवढा वेग घेतला तेवढाच उलट दिशेने द्यावा लागतो, आणि त्यासाठीचं इंधनही आधीपासून वाहून न्यावं लागतं. वेग घ्यायला निघतानाचं वजन वीसपट लागत असेल तर थांबण्याच्या सोयीसकट ते चाळीसपट होत नाही, वीस गुणिले वीस म्हणजे चारशेपट होतं. कडब्याची गाडी इथे पुन्हा आडवी येते.

प्रतिद्रव्याचं नाव या चर्चेत हमखास निघतं. द्रव्य आणि प्रतिद्रव्य भेटलं की दोन्हींचं पूर्णपणे ऊर्जेत रूपांतर होतं, याहून ताकदीचं इंधन असूच शकत नाही. पण युरोपातल्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत आजवर तयार झालेलं प्रतिद्रव्य काही नॅनोग्रॅमच्या घरात आहे. इथे टन हवेत. सध्या एवढं पुरे.

खरी युक्तीची कल्पना वेगळीच आहे. इंधन बरोबर न्यायचंच नाही, घरी ठेवायचं. गलबत आपला वारा बरोबर घेऊन जात नाही, शिडात भरून घेतं. अवकाशात वाऱ्याचं काम प्रकाश करू शकतो, कारण प्रकाश ज्या पृष्ठभागावर आदळतो त्याला हलकासा ढकलतो. हा धक्का फार क्षीण असतो. एक एकर आरसा अवकाशात सूर्यासमोर धरला तर त्यावरचा सगळा जोर जेमतेम पावणेचार ग्रॅम वजनाएवढा. तरीही तो कधी थांबत नाही, हेच त्याचं बळ. जपानच्या इकारोस यानाने २०१० साली शुक्राच्या वाटेवर असं शिड उघडून दाखवलं.

सूर्यापासून दूर गेलं की प्रकाश पातळ होतो. म्हणून पृथ्वीवरून लेझरचा झोत मारायचा. एप्रिल २०१६मध्ये अब्जाधीश युरी मिल्नर आणि भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी ‘ब्रेकथ्रू स्टारशॉट’ ही योजना जाहीर केली. काही ग्रॅम वजनाचं, टपाल तिकिटाएवढं यान, त्याला काही मीटरचं अतिपातळ शिड आणि त्यावर १०० गिगावॉटचा लेझर. काही मिनिटांत प्रकाशाच्या वेगाचा पाचवा हिस्सा, वीस-एकवीस वर्षांत मित्राच्या दारात. १०० गिगावॉट म्हणजे किती? मे २०२४मध्ये ऐन उन्हाळ्यात साऱ्या भारताची विजेची मागणी २५० गिगावॉटला पोहोचली होती. तिच्या चाळीस टक्के, तेही एका टिकलीएवढ्या वस्तूला ढकलायला. शिडाने त्या झोतात जळून जायचं नाही, फाटायचं नाही, भरकटायचं नाही. आणि पोहोचल्यावर त्या इवल्याशा यंत्राने सव्वाचार प्रकाशवर्षांवरून आपल्याला ऐकू येईल असा संदेश पाठवायचा. या अडचणी सुटलेल्या नाहीत आणि घोषणा झाली त्या मानाने काम पुढे गेलेलं नाही. तरी सगळ्या योजनांमध्ये मला हीच प्रामाणिक वाटते, कारण तिने पहिली तडजोड वजनाशी केली. टनांचा विचार सोडून ती ग्रॅमवर आली.

वेग मिळाला की एक नवंच संकट उभं राहतं. ताऱ्यांमधली पोकळी पूर्ण रिकामी नाही, तिच्यात धूळ आहे. दोन मिलिग्रॅम वजनाचा, मोहरीच्या दाण्याएवढा खडा प्रकाशाच्या दहाव्या हिश्शाच्या वेगाने जाणाऱ्या यानावर आदळला तर टीएनटी या स्फोटकाच्या दोनशे किलोंच्या स्फोटाएवढी ऊर्जा बाहेर पडेल. वाटेतले बहुतेक कण याहून कितीतरी बारीक असतात, पण त्यांचा मारा वर्षानुवर्षं चालू राहतो. डेडॅलसच्या आराखड्यात म्हणूनच पुढच्या टोकाला बेरिलियम धातूची ढाल होती. ढाल म्हणजे पुन्हा वजन.

आता कोणी म्हणेल, आइनस्टाइनच्या सापेक्षतेप्रमाणे वेगाने जाणाऱ्याचा काळ मंदावतो ना? मंदावतो, आणि ते प्रयोगांनी पक्कं सिद्ध झालं आहे. पण किती, ते पाहू. प्रकाशाच्या दहाव्या हिश्शाच्या वेगाने प्रॉक्झिमाला ४२ वर्षं लागली तर प्रवाशाच्या घड्याळात त्यातले ७८ दिवस वाचतात. बस्स. खरा फायदा प्रकाशाच्या अगदी जवळ गेल्यावर सुरू होतो. ९९ टक्के वेगाला प्रवाशाला प्रॉक्झिमा सात महिन्यांत गाठता येईल, पृथ्वीवर तेव्हा सव्वाचार वर्षं उलटलेली असतील. पण त्या वेगाला प्रत्येक किलोमागे कोयना जवळजवळ नऊ वर्षं अखंड चालवावी लागते. निसर्ग सवलत देतो, पण ती मिळेपर्यंत खिसा रिकामा झालेला असतो.

माणसाचं शरीर हे या प्रवासातलं सर्वांत अवघड सामान. आपल्या डोक्यावर हवेचा जो थर आहे तो दर चौरस मीटरला दहा टन भरतो, म्हणजे दहा मीटर खोल पाण्याखाली राहावं तसं संरक्षण आपल्याला फुकट मिळतं. बाहेर ते नाही. मंगळाकडे जाताना क्युरिऑसिटी यानाने वाटेतला किरणोत्सर्ग मोजला तो दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट निघाला (शरीराला बसणारी किरणोत्सर्गाची मात्रा या एककात मोजतात). पृथ्वीवर निसर्गतः वर्षभरात सरासरी २.४ मिळतो. नासाने अंतराळवीरांसाठी साऱ्या कारकिर्दीची मर्यादा ६०० ठेवली आहे, ती या हिशोबाने अकरा महिन्यांत संपते. पाण्याची किंवा कशाचीही जाड भिंत बांधली तर माणूस वाचेल, पण दर चौरस मीटरला काही टनांची भर पडेल. वजनरहित अवस्थेत हाडं महिन्याला एक ते दीड टक्का खनिज गमावतात. त्यावर उपाय म्हणजे यान चक्रासारखं फिरवत ठेवायचं. मिनिटाला दोन फेऱ्यांनी पृथ्वीसारखं वजन जाणवायला त्या चक्राची त्रिज्या सव्वादोनशे मीटर हवी. हेही ओझंच.

आणि श्वास. २६ सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात ‘बायोस्फिअर-२’ नावाच्या काचेच्या बंद वास्तूत आठ जण दोन वर्षांसाठी राहायला गेले. आत शेती, छोटं जंगल, छोटा समुद्र. जागा सव्वा हेक्टरहून थोडी जास्त. हवा, पाणी, अन्न सगळं आतल्या आत फिरत राहील अशी कल्पना. सोळा महिन्यांत आतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास उतरला. माणसं जिना चढताना धापा टाकू लागली. मातीतले सूक्ष्मजीव अपेक्षेपेक्षा जास्त प्राणवायू खात होते आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळण्याऐवजी काँक्रीटच्या भिंती शोषून घेत होत्या. शेवटी १९९३च्या जानेवारीत बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. या प्रयोगाला अनेकांनी नावं ठेवली. मला तो फार मोलाचा वाटतो. काँक्रीट घात करेल हे कागदावर कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं, आत राहिल्यावरच कळलं. आज आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ९८ टक्के पाणी पुन्हा वापरता येतं, आणि ही मोठीच मजल आहे. पण दर फेरीला दोन टक्के गळती धरली तर शंभर फेऱ्यांनंतर शंभर लिटरमधले तेरा लिटर उरतात. स्थानकाला वरचेवर रसद जाते. मित्राच्या वाटेवर ती कोण नेणार?

वेग वाढवता येत नसेल तर वेळ वाढवावा, असा एक मार्ग सुचवला जातो. शतकानुशतकं सावकाश जाणारं मोठं यान, ज्यात पिढ्या जन्मतील, वाढतील आणि मरतील. २०१८ साली खगोलशास्त्रज्ञ फ्रेडरिक मारिन आणि त्यांच्या सहकारी कामिय बेलुफी यांनी संगणकावर हिशोब केला की ६,३०० वर्षांच्या अशा प्रवासाला, आनुवंशिक दोष न वाढता, निघताना निदान ९८ माणसं हवीत. आकडा आश्चर्य वाटावं इतका लहान आहे. पण मला आकड्यापेक्षा मधल्या अडीचशे पिढ्यांची काळजी वाटते. मित्राच्या शेजारीच आकाशात त्रिशंकू आहे. विश्वामित्राने त्याला सदेह स्वर्गात पाठवलं, इंद्राने खाली ढकललं आणि तो अधांतरीच राहिला. पण त्रिशंकूने स्वर्गाला जायचं स्वतः मागितलं होतं. यानात मध्येच जन्मलेल्या मुलीने काहीच मागितलेलं नसेल. तिला पाऊस, डोंगर, अनोळखी माणूस, काहीच भेटणार नाही, आणि तिने केवळ पुढची पिढी जन्माला घालावी म्हणून तिचं आयुष्य आखलेलं असेल. तंत्र जमलं तरी हे करायचा हक्क आपल्याला आहे, असं मला वाटत नाही.

शिवाय अशा यानाचा एक विचित्र पेच आहे. आज निघालेलं यान पोहोचायला हजार वर्षं लागणार असतील आणि दोनशे वर्षांनी माणसाने दहापट वेगाचं इंजिन शोधलं, तर नंतर निघालेले लोक आधी पोहोचतील. पहिले प्रवासी उतरतील तेव्हा तिथे त्यांच्याच वंशातली वस्ती असेल, सातशे वर्षं जुनी. मग कधी निघावं? या प्रश्नाला ‘थांबण्याचं गणित’ म्हणता येईल. तंत्रज्ञान किती झपाट्याने सुधारतं यावर उत्तर अवलंबून असतं, आणि एका मर्यादेनंतर थांबण्यात फायदा उरत नाही. पण आज निघण्यात फायदा नाही, हे मात्र जवळपास कुठल्याही हिशोबाने येतं.

हे झालं शेजारच्या ताऱ्याचं. दुसऱ्या दीर्घिकेला, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या दुसऱ्या महासमूहाला, जायचं असेल तर आपल्या नकाशाकडे परत या. हरभरा पुण्यात, मोहरी अक्कलकोटला. देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. ती या नकाशात कुठे येईल? जवळजवळ १६ कोटी किलोमीटरवर. म्हणजे सूर्य हरभऱ्याएवढा करूनसुद्धा देवयानी खऱ्या सूर्यापेक्षाही थोडी लांब जाते. कागदावर तिथेही जाता येतं. पृथ्वीवर वजन जाणवतं तेवढ्याच त्वरणाने अर्धी वाट वेग वाढवत आणि अर्धी वाट कमी करत गेलं तर प्रवाशाला देवयानी २९ वर्षांच्या आत गाठता येईल. पृथ्वीवर तोवर २५ लाख वर्षं उलटतील. त्यासाठी लागणारं इंधन मोजायला बसण्यात अर्थ नाही.

अवकाशालाच वाकवून जवळची वाट काढायची कल्पनाही आहे. भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्क्युबिएरे यांनी १९९४ साली दाखवलं की आइनस्टाइनची समीकरणं अशा प्रवासाला मनाई करत नाहीत. पण त्यासाठी ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा हवी, आणि ती यानाला पुरेल इतकी साठवायचा मार्ग कोणालाही माहीत नाही. समीकरणाने नाही म्हटलं नाही, म्हणजे निसर्गाने हो म्हटलं असं होत नाही.

तरीही ताऱ्यांमधला प्रवास सतत चालू आहे. २०१७ साली ‘ओमुआमुआ’, २०१९ साली ‘बोरिसोव्ह’ आणि जुलै २०२५मध्ये ‘३आय ॲटलास’ असे तीन पाहुणे दुसऱ्या ताऱ्यांच्या मुलखातून आपल्या सूर्यमालेत आलेले आपण पाहिले. आपापल्या ताऱ्याजवळून भिरकावले गेलेले हे दगड आणि बर्फ. त्यांना इंधन लागलं नाही, श्वास घ्यावा लागला नाही आणि थांबायचंही नव्हतं. काही तारे तर अख्खे आकाशगंगेबाहेर निघाले आहेत. २०१९ साली असा एक तारा सापडला जो सेकंदाला १,७०० किलोमीटरहून जास्त वेगाने आपली दीर्घिका सोडून चालला आहे. दीर्घिकांच्या मधलं अंतर कापायला निसर्गाला तारा हेच वाहन पुरतं.

मित्र ताराही जागेवर नाही. तो सेकंदाला सुमारे २२ किलोमीटर वेगाने आपल्याकडे सरकतो आहे, आपल्या व्हॉयेजरपेक्षा जास्त वेगाने. सुमारे २७ हजार वर्षांनी तो तीन प्रकाशवर्षांच्या आसपास येईल आणि मग पुन्हा दूर जाऊ लागेल. व्हॉयेजर-१ तेव्हा दीड प्रकाशवर्षावर असेल, वेगळ्याच दिशेला, भुजंगधारी तारकासमूहाच्या बाजूला. त्याची वीज कधीच संपलेली असेल. तबकडीवर साडेतीन मिनिटांची भैरवी असेल.